कर्सरखालचा आकडा कोणत्या गावचा?

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठीत शेवटचा निबंध दहावीत लिहिला होता, तोही ‘माझा आवडता ऋतू’ वर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घ्याव्यात ही नम्र विनंती. ‘प्रोजेक्शन’ला मराठीत ‘प्रक्षेपण’ म्हणतात हे मला मागच्या महिन्यात कळलं. तोपर्यंत प्रक्षेपण म्हणजे फक्त क्रिकेटच्या मॅचचं थेट प्रक्षेपण, एवढंच माहीत होतं. पण ज्या विषयावर लिहिते आहे तो विषय इंग्रजीत लिहिला असता तर आमच्या घरच्यांनी वाचलाच नसता, आणि हा लेख थोडासा त्यांच्यासाठीपण आहे.

विषय अगदी छोटा आहे. कॉम्प्युटरवरच्या नकाशावर आपण माऊस फिरवतो तेव्हा खाली कोपऱ्यात एका चौकोनात आकडे पळत असतात. कर्सर कुठे आहे ते सांगणारे. बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. मीही बघत नव्हते. माझं म्हणणं असं की त्या चौकोनात एकच आकडा दाखवणं चूक आहे. कमीत कमी दोन पद्धतींचे आकडे हवेत, आणि प्रत्येकापुढे त्याचं नाव हवं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चौकोनावर पाच पानं? तर त्या चौकोनापायी आमच्या मोठ्या बाबांचं आणि त्यांच्या धुऱ्याच्या शेजाऱ्याचं बोलणं बंद झालंय. म्हणून लिहिते.

झालं असं. मिनी प्रोजेक्टसाठी मी आमच्या अचलपूरचा वेब नकाशा बनवला. ओपनलेयर्स नावाची फुकट मिळणारी लायब्ररी आहे, २००६ पासून आहे, हॉस्टेलमध्ये अनेकांनी वापरलीय. त्यावर हौज कटोरा, दुल्हा गेट, आता बंद पडलेल्या शकुंतलेचं स्टेशन असे ठिपके टाकले. सरांनी विचारलं, यात इंजिनिअरिंग कुठे आहे? म्हणून मी एक मोजपट्टी जोडली. चार कोपऱ्यांवर क्लिक करा, क्षेत्रफळ मिळवा. सूत्र सोपं असतं, कोपऱ्यांचे एक्स-वाय घ्यायचे, तिरके गुणाकार करायचे, वजाबाकी, भागिले दोन. बारावीतलंच. डेमो छान झाला, मार्कही बरे पडले.

मग दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले आणि हुशारी करायला शेतात लॅपटॉप नेला. मोठ्या बाबांचं संत्र्याचं शेत सातबाऱ्यावर १ हेक्टर ६० आर आहे. मी उपग्रहाच्या चित्रावर धुरा बघून बघून चार कोपरे टिपले. स्क्रीनवर उत्तर आलं, १ हेक्टर ८५ आर.

मोठे बाबा खूश. ‘‘पाय बरं, पोरगी इंजिनेर होऊन राहिली!’’ पण शेजारचे काका तिथेच धुऱ्यावर उभे होते. त्यांनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा झाडांच्या शेवटच्या ओळीकडे. आणि म्हणाले, ‘‘मंग हे वरचे पंचवीस आर कोनाचे व्हय?’’

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. नंतर जे बोलले ते कॉलेजच्या मासिकात छापता येणार नाही. काकांचे वडील असताना कधीतरी धुरा सरकवला होता, तो कोणाकडून कोणाकडे यावर वीस वर्षांपूर्वी एकदा भांडण झालेलं होतं म्हणे. ते मिटलं होतं. माझ्या लॅपटॉपने ते परत उकरलं. पुढच्या आठवड्यात काकांनी मोजणीचा अर्ज दिला, फी भरली. भाऊबीजेला त्यांच्या घरून दरवर्षी येणारा डबा आला नाही. मोठी आई मला काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

हॉस्टेलला परत आल्यावर मी कोड उघडून बसले. सूत्र बरोबर. कोपरे बरोबर. मग सिव्हिलच्या एका मैत्रिणीला दाखवलं. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘हे एक्स-वाय कोणत्या प्रोजेक्शनमधले आहेत?’’ मी म्हटलं, नकाशाचे आहेत. ती हसली. सिव्हिलवाले आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना असंच हसतात, पण या वेळी तिचं बरोबर होतं.

कारण पृथ्वी गोल आणि स्क्रीन सपाट. संत्र्याची साल सोलून टेबलावर सपाट करायला गेलं की कुठेतरी फाटते नाहीतर ताणावी लागते. (वऱ्हाडातल्या वाचकांना हे जास्त समजवायला नको.) कुठे ताणायची आणि कशी, याचा नियम म्हणजे प्रोजेक्शन. २००५ साली गूगल मॅप्स आलं. त्याने जो नियम घेतला त्याला वेब मर्केटर म्हणतात. मूळचा मर्केटर हा सोळाव्या शतकातला नकाशे काढणारा; १५६९ मध्ये त्याने खलाशांसाठी हा नकाशा काढला. त्यात दिशा बिघडत नाहीत, पण विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतशी जमीन फुगत जाते. म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका जवळपास चौदा पट मोठी आहे. हे शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण आपल्याला वाटतं हा ग्रीनलंडवाल्यांचा प्रॉब्लेम आहे. अचलपूर साधारण २१ अंश १५ मिनिटांवर आहे, आणि तिथेही हा नकाशा अंतर सात-आठ टक्क्यांनी फुगवतो. लांबीही तेवढी, रुंदीही तेवढी, म्हणजे क्षेत्रफळ पंधरा-सोळा टक्के. आता १६० आरचे पंधरा-सोळा टक्के काढून बघा. तेच ते पंचवीस आर. ना मोठ्या बाबांचे, ना काकांचे. मर्केटर साहेबांचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कोणी म्हणेल ऑनलाइन नकाशे फसवतात. मोठमोठ्या नकाशांची स्वतःची मोजपट्टी पृथ्वीची गोलाई धरूनच मोजते. ओपनलेयर्समध्येही त्यासाठी वेगळं फंक्शन आहे. मी ते न वापरता स्क्रीनच्या आकड्यांवर बारावीचं सूत्र चालवलं. चूक माझी. पण ती चूक मला दिसली का नाही, हा खरा प्रश्न आहे. कारण माझ्या चौकोनात एकच आकडा होता, बिननावाचा:

८६२८३७४, २४२२८५०

हे अचलपूर. मीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडे किती. म्हणजे २४२३ किलोमीटर. खरं अंतर २३५२ च्या आसपास आहे. एकाहत्तर किलोमीटरचा फरक! अचलपूरहून उत्तरेला एवढं गेलं तर मेळघाट ओलांडून आपण बैतुलच्या अक्षांशावर पोचतो. आता याच जागेचे आकडे यूटीएम नावाच्या दुसऱ्या पद्धतीत असे येतात: पूर्वेकडे ७,६०,४०० च्या पुढे, उत्तरेकडे २३,५३,००० च्या थोडं अलीकडे. ही पद्धत पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या फाका करते आणि प्रत्येक फाक वेगळी सपाट करते, त्यामुळे ताण फार पडत नाही. शेताची लांब बाजू, जी टेपने १६० मीटर आहे, ती यूटीएममध्ये सात सेंटीमीटरच्या फरकाने १६० च येते. वेब मर्केटरमध्ये १७२. हे दोन आकडे माझ्या चौकोनात एकाखाली एक असते, तर एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर कर्सर नेताना एक ओळ १६० ने सरकली आणि दुसरी १७२ ने, हे मला शेतातच दिसलं असतं. काकांच्या आधी.

आता जरा विषयांतर करते, पण ते करायलाच हवं. हे सगळं वाचताना मला कळलं की आपला भाग या विषयात अगदी मोक्याच्या जागी बसलाय. शाळेत कोणी सांगितलं नाही.

पहिलं म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीट. त्या पंधरा मिनिटांच्या चौकोनात कापलेल्या असतात. अचलपूर ५५ जी मध्ये येतं, आणि ७७ अंश ३० मिनिटं रेखांश व २१ अंश १५ मिनिटं अक्षांश हा चार शीटचा कोपरा आमच्या गावाला जवळपास चिकटून आहे. ७, ८, ११ आणि १२ नंबरच्या शीट जमिनीवर अंथरून जोडल्याशिवाय अचलपूर आणि आजूबाजूची शेतं एकत्र दिसत नाहीत. म्हणजे आम्ही कागदावर सुद्धा चार तुकड्यांत!

दुसरं, यूटीएमच्या फाका. ४३ नंबरची फाक ७८ रेखांशाला संपते आणि ४४ सुरू होते. ७८ रेखांश जातो कुठून? आपल्या अमरावती जिल्ह्यातूनच. मोर्शी अगदी रेषेवर. अचलपूर, अमरावती ४३ मध्ये, वरुड ४४ मध्ये. माझी रूममेट वरुडची आहे. तिच्या गावाकडे कर्सर नेला की पूर्वेचा आकडा वाढत वाढत ८ लाख ११ हजारापर्यंत जातो आणि रेषा ओलांडली की नवीन फाकेत एकदम १ लाख ८९ हजारावर उतरतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा प्रोग्राम बिघडला असं वाटलं. म्हणजे नुसतं ‘यूटीएम’ लिहूनही भागत नाही, ४३ की ४४ तेही लिहावं लागतं. मोर्शीच्या माणसाला तर दोन्ही दाखवा. रूममेट म्हणते, आम्ही वेगळ्या झोनचे, आमची संत्री गोड.

आणि तिसरं, मला सगळ्यात आवडलेलं. दोनशे वर्षांपूर्वी कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत हिंदुस्थान मोजायचं जे प्रचंड काम चाललं, ज्याला ग्रेट आर्क म्हणतात, ती रेषा याच ७८ रेखांशाच्या आसपासून वर गेली. ते काम सुरू करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ ला मोजणीवर असतानाच वारला, तोही आपल्या शेजारच्या हिंगणघाटला. त्याच्या जागी आलेला जॉर्ज एव्हरेस्ट, ज्याचं नाव पुढे शिखराला दिलं, तो वऱ्हाडातूनच पुढे गेला. एलिचपूर म्हणजे आमचं अचलपूर, त्या मुलखातलं टाकळखेडा हे त्याचं ताऱ्यांचे वेध घेण्याचं एक मुख्य ठाणं होतं. अक्षांश २१ अंश ५ मिनिटं. तिथे त्याला शंका आली की उत्तरेकडचे डोंगर ओळंब्याला स्वतःकडे ओढताहेत आणि त्यामुळे वेध चुकताहेत. ओळंबा, जो आपल्या गवंड्याच्या हातात असतो तोच! सातपुड्यासारखा डोंगर दोरीला बांधलेलं वजन केसभर बाजूला खेचतो आणि साहेबाचा अक्षांश काही सेकंदांनी सरकतो. आपल्या १८३० च्या पुस्तकात त्याने ही ओढ किती असेल याचा हिशोब मांडलाय. ज्या माणसाला केसभर ओळंब्याची एवढी काळजी होती त्याला माझं पंचवीस आरचं प्रकरण सांगायची हिंमत झाली नसती.

त्याने पृथ्वीच्या आकाराचं जे माप काढलं, ते ‘एव्हरेस्ट १८३०’ नावाने आपल्या सरकारी नकाशांत दीडशे वर्षांहून जास्त चाललं. उपग्रहवाली मंडळी जे माप वापरतात ते वेगळं, डब्ल्यूजीएस ८४. मोबाईलचं जीपीएस यातच बोलतं. २००५ च्या नॅशनल मॅप पॉलिसीनंतर लोकांसाठीचे नकाशे नव्या मापात आणि यूटीएममध्ये काढायचं ठरलं. पण जुन्या शीट, त्यावरून उतरवलेले जुने आराखडे, सगळीकडे अजून आहेत. एकच अक्षांश-रेखांश जुन्या मापात वाचला आणि नव्या मापात ठेवला, तर आपल्या भागात जागा शंभर-दीडशे मीटर सरकते. म्हणजे विहीर शेजाऱ्याच्या वावरात. म्हणून ‘अक्षांश-रेखांश तर अक्षांश-रेखांशच ना’ असं जे आपण म्हणतो, तेही अर्धवट आहे. अंशांनासुद्धा गाव असतं.

आता मुद्द्यावर येते. चौकोनात काय असावं?

एक ओळ अंशांची, पुढे ‘डब्ल्यूजीएस ८४’ लिहिलेली. अक्षांश कुठला, रेखांश कुठला, उत्तर-पूर्व तेही लिहिलेलं. हे वाचून हसू नका. काही प्रोग्राम आधी अक्षांश लिहितात, काही आधी रेखांश. अचलपूरचे आकडे उलटे टाकले की आपण थेट नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन पडतो, पांढऱ्या अस्वलांत. आमच्या वर्गात निदान तिघांचे ठिपके तिथे पडलेले मी बघितलेत. दुसरी ओळ यूटीएमची, झोनच्या नंबरासकट, मीटरमध्ये. टेप घेऊन शेतात उभ्या असलेल्या माणसाला हीच ओळ कामाची. आणि तिसरी, नकाशा स्वतः ज्यात काढलाय त्या वेब मर्केटरची. ती कशाला, असं मैत्रिणीने विचारलं. माझं म्हणणं, ती दाखवाच, पण पुढे लिहा, ‘मोजायला वापरू नये’. लपवली की माझ्यासारखी कोणीतरी कोडमध्ये तीच वापरते.

शिवाय दशांश स्थळं. माझ्या नकाशात सहा होती, दिसायला भारी दिसतात. अंशाचं सहावं दशांश स्थळ म्हणजे साधारण अकरा सेंटीमीटर. आणि नकाशा पंधराव्या झूमवर असला तर अचलपूरला स्क्रीनचा एक ठिपका साडेचार मीटरचा असतो. साडेचार मीटरच्या बोटाने अकरा सेंटीमीटर दाखवायचे, याला आमच्याकडे फेकणं म्हणतात. झूमप्रमाणे स्थळं कमी-जास्त व्हायला हवीत, आणि हे दोन ओळींचं काम आहे.

करायला कठीण नाही. माऊस हलला की ब्राउझर पिक्सेल सांगतो, लायब्ररी त्याचे नकाशाचे मीटर करते, आणि तिथून पुढे प्रोज४ नावाची छोटी लायब्ररी हव्या त्या पद्धतीत फिरवून देते. ४३ साठी कोड ३२६४३, ४४ साठी ३२६४४. मी एका रविवारी केलं, मेसमध्ये त्या दिवशी पुरणपोळी होती तीही न चुकवता.

याच्या विरुद्ध बोलणारे आहेत. एक सर म्हणाले, ‘‘युजर गोंधळेल. सामान्य माणसाला एकच आकडा हवा असतो.’’ सरांचा मान ठेवून मी विरोध करते. सामान्य माणूस गोंधळत नाही. आमचे मोठे बाबा सातवी शिकलेत. त्यांना एकर, हेक्टर, आर, गुंठा चारही कळतात. बाजारात संत्री हजारावरही विकतात आणि टनावरही, आणि व्यापारी कुठे मारतो ते त्यांना दोन्हीकडून कळतं. एकाच जमिनीला दोन मापं असतात हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. गोंधळ होतो तो मापाचं नाव न सांगितल्यावर. ‘‘दोनशे दे’’ म्हटलं तर दुकानदार विचारतोच ना, ग्रॅम की रुपयाचं? मग नकाशाने का सांगू नये?

दुसरा आक्षेप आमच्या डिझाइनवाल्या मित्राचा, की चौकोन मोठा होतो, मोबाईलवर नकाशा झाकला जातो. हे मला पटतं. मोबाईलवर एक ओळ दाखवा, बोट लावलं की बदलू द्या. पण नाव प्रत्येक वेळी राहिलंच पाहिजे. नाव काढून सुंदर करायचं असेल तर आकडाही काढा, नुसतं चित्र ठेवा. ते निदान प्रामाणिक होईल.

२०२१ पासून नकाशे बनवायचे नियम बरेच सैल झालेत. आता आपल्यासारखी पोरंही गावाचे, शेतांचे, विहिरींचे नकाशे बनवणार. प्रोजेक्ट सबमिट करून आपण मोकळे होतो, पण नकाशा शेतातल्या माणसाच्या हातात जातो आणि तो त्यावर विश्वास ठेवतो. माझ्या मोठ्या बाबांनी ठेवला. शेजारच्या काकांनी तर फी भरण्याइतका ठेवला.

मागच्या शनिवारी मी अचलपूरला जाऊन आले. नवा चौकोन, नवी मोजपट्टी घेऊन. आधी मोठ्या बाबांना दाखवलं, १ हेक्टर ६० आर. ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. मग एकटीच काकांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं, चहा नाही. मी माझी चूक सगळी सांगितली, संत्र्याच्या सालीसकट. काकांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, स्वतःच्या बोटाने कर्सर धुऱ्यावरून पार रस्त्यापर्यंत नेला, आणि तिन्ही ओळी पळताना बघत बसले. मग विचारलं, ‘‘याच्यातला खरा कोनता?’’

मी म्हटलं, ‘‘काका, तिन्ही एकाच जागेचे आहेत. टेपाशी जुळतो तो मधला.’’

‘‘त मंग टेपानंच पाहू,’’ ते म्हणाले. ‘‘मोजनी होऊ दे.’’

मोजणी पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी लेक्चर आहेत, पण मी जाणार आहे.